आडवी रेघ हलते

१८ नोव्हेंबर १९९६

कॉम्प्युटर सुरू झाला एकदाचा. दिवाळीआधीपासून खोक्यात पडून होता. धनसुखशेठ म्हणायचे, लाभपाचम झाल्याशिवाय नवं मशीन उघडायचं नाही. आज नारळ फुटला, अगरबत्ती लागली आणि शेठनी कुंकवाचं बोट थेट मॉनिटरच्या काचेवर टेकवून साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढला. अगदी मध्यभागी. मी म्हटलं, शेठ, बाजूला प्लास्टिकवर काढा ना. तर म्हणाले, "मशीनना मोढा पर ज कराय, बेन." तोंडावरच काढायचा म्हणे. काढा.

जोडणी करायला डीलरचा माणूस आला होता, जिग्नेश. केसांना तेल, खिशाला तीन पेनं. शेवटी स्क्रीनवर एक यादी आली: ६०, ७०, ७५, ८७. "बेन, कौनसा रखूँ?" मला विचारलं! मागे शेठ, लूमवरचे चार-पाच जण, आप्पा, सगळे उभे. आख्ख्या खात्यात, म्हणजे आमच्या लूमच्या कारखान्यात, कॉम्प्युटरचा क्लास केलेली मी एकटी. हे आकडे कसले, मला काडीची माहिती नव्हती. ऐटीत म्हटलं, "सबसे बड़ा."

८७ टाकला. शेठ खूश. लूमने मिनिटाला जितके जास्त पिक, म्हणजे आडवे धागे, मारले तितकी ती चांगली, मग हेही तसंच असणार.

परवापासून आप्पांना शिकवायचं. बावीस वर्षं ते ग्राफच्या चौकोनात पेन्सिलीने साडीचे नक्शे भरतात. एक चौकोन म्हणजे एक धागा. त्यावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पडतात आणि लूमवरचं जकार्ड त्या भोकांप्रमाणे धागे उचलतं. आता तेच चौकोन स्क्रीनवर. बापाला शिकवणारी मुलगी. मजा येणार आहे.

२० नोव्हेंबर

मजा बिजा काही नाही. आप्पा पाच मिनिटं बसले आणि चष्मा काढून डोळे चोळायला लागले. "पोरी, हाई हालस."

काय हलतंय? टेबल घट्ट आहे. मॉनिटर दगडासारखा बसलाय.

"चौकोन हाली ऱ्हायनात. तुले दिखत नही का?"

मी नाक लावून पाहिलं. असं जरा झिरमिर झिरमिर वाटतं खरं, पण कॉम्प्युटर असाच असतो ना? क्लासमध्ये तर आम्ही काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं बघायचो, चौकोन नव्हतेच. म्हटलं, सवय होईल आप्पा. ते गप्प बसले. आप्पा गप्प बसले की मला जास्त राग येतो.

२३ नोव्हेंबर

आज आप्पांनी स्क्रीनवर एक कैरी काढली. बारीकशी. कागदावर पंधरा मिनिटांचं काम, इथे दोन तास लागले, आणि तीन ओळी चुकल्या. आप्पांच्या नक्शात चूक! मला आठवत नाही कधी झाली होती ते. संध्याकाळी सचिनहून नवागामला घरी येताना शटल रिक्षात डोळे मिटून बसले होते. भेस्तान आलं तरी उघडले नाहीत. मीही डोकं धरून. मला वाटतं मी दुपारी नीट जेवत नाही म्हणून डोकं दुखतं.

मायने विचारलं, "काय व्हयनं वं तुमले दोन्हीसले?" काही नाही म्हटलं. जेवलो.

२७ नोव्हेंबर

शेठ आज मागे येऊन उभे राहिले. आप्पा नेमके डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून बसलेले. शेठ मला म्हणाले, आप्पांना नाही, मला, "बेन, तारा बापना चश्मानो नंबर बदलाव." आप्पांसमोर. जणू ते तिथे नाहीतच.

गेलो डोळ्यांच्या डॉक्टरकडे. त्याने सगळ्या अक्षरांच्या ओळी वाचायला लावल्या. आप्पा देवनागरी धडाधड वाचत गेले, सगळ्यात खालची सुद्धा. नंबर तोच, दोन वर्षांपूर्वीचा. डॉक्टर म्हणाला, जवळचं इतकं स्वच्छ दिसणारा पन्नाशीचा माणूस कमी मिळतो. आप्पा बाहेर आल्यावर म्हणाले, "मन्हा डोया खराब व्हयनात असं वाटस का तुले?"

खरं सांगू? वाटत होतं. आता लाज वाटते.

३० नोव्हेंबर

शेठनी निकाल सांगून टाकला. "उत्तरायण सुधी जोईए. न फावे तो मास्तर पत्ता बांधवामां, ने कॉम्प्युटर आशाबेनने." म्हणजे संक्रांतीपर्यंत जमलं नाही तर आप्पांनी मागच्या खोलीत बसून पत्ते दोरीत ओवायचे. ते काम बायका करतात, नवखे करतात. ज्या माणसाचे नक्शे इतकी वर्षं त्या पत्त्यांवर उतरले, त्याने आता ते ओवत बसायचं. आणि त्याच्या खुर्चीवर मी.

हे ऐकलं तेव्हा एक क्षण मला आनंद झाला. लिहून ठेवते, कारण कुणाला सांगणार नाही. एकच क्षण, पण झाला.

आप्पांनी रोजच्यासारख्या पाच पेन्सिलींना टोकं काढली. कशासाठी, कोणास ठाऊक.

३ डिसेंबर

रागावून काही होणार नाही. बघायचं ठरवलंय. खरंच हलतं का?

पहिला संशय कुंकवावर. साथियाच्या जागी सगळं लालसर, धूसर. शेठ बाजारात गेल्यावर ओल्या फडक्याने पुसला. देवा माफ कर. आप्पा म्हणाले, तरी हालस. (शेठच्या अजून लक्षात आलेलं नाही. काचेच्या कोपऱ्यात एक छोटा टिळा लावून ठेवलाय, विचारलं तर तो दाखवीन.)

दुसरा संशय विजेवर. खात्यात इतक्या लूम, वीज वरखाली होणारच. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या लूम बंद होत्या तेव्हा पाहिलं. तसंच.

तिसरा शोध अपघाताने. भाजलेले चणे खात स्क्रीनकडे बघत होते, तर सगळं चित्र उड्या मारायला लागलं! चावणं थांबवलं की थांबलं. परत चावलं, परत उड्या. वीस वेळा केलं. भिंतीवरचं कॅलेंडर बघत चावलं, कॅलेंडर जागच्या जागी. म्हणजे स्क्रीनमध्ये काहीतरी आहे जे कॅलेंडरमध्ये नाही. चणे संपले नसते तर अजून प्रयोग केले असते.

६ डिसेंबर

आप्पांना चण्याचं सांगितलं. हसले. किती दिवसांनी.

मग ते मला लूमकडे घेऊन गेले. लहानपणी दाखवायचे तेच पुन्हा दाखवलं. ट्यूबलाइटखाली फिरतं चाक बघ. बघितलं, तर चाक जवळजवळ थांबलेलं, उलट्या दिशेने सावकाश सरकतंय. आणि प्रत्यक्षात तर सुसाट पळतंय. म्हणून आमच्याकडे प्रत्येक लूमच्या बाजूला एक पिवळा बल्बही टांगतात. नुसत्या ट्यूबवर विश्वास ठेवून कुणी चाकापाशी हात नेऊ नये. नवीन आलेल्या प्रत्येक माणसाला पहिल्या दिवशी हेच सांगतात, मग चहा देतात.

ट्यूब सतत पेटलेली नसते, मिटते आणि पेटते, इतक्या वेगाने की कळत नाही. आप्पांनी विचारलं, तो स्क्रीन पण तसाच आहे का?

मी धावत आत. पेन्सिल स्क्रीनसमोर जोरात हलवली. एक पेन्सिल नाही, सात-आठ पेन्सिली, पंख्यासारख्या! बल्बसमोर हलवली, एकच फिकट पट्टा. स्क्रीन मिटतोय! मी आप्पांचा हात धरून ओरडले. शेठच्या मुनीमजींनी चष्म्यावरून पाहिलं.

पण आनंद अर्धाच. सगळेच स्क्रीन मिटत असतील. मग आप्पांनाच का त्रास?

९ डिसेंबर

आज मोठा दिवस.

मला सुचलं की नक्शा बाजूला ठेवून एकच रेघ काढावी. एका चौकोनाच्या जाडीची, उभी. आप्पांना बसवलं.

"हाई हालत नही."

मग आडवी.

"हाई हालस."

पुन्हा उभी. हलत नाही. आडवी. हलते. त्यांना पाठ फिरवायला लावली, मी रेघ बदलली, वळायला लावलं. दहापैकी दहा वेळा बरोबर. आणि आता कुठे बघायचं ते कळल्यावर मलाही दिसलं! आडवी रेघ वरखाली थरथरते, तारेवर बसलेलं पाखरू उडाल्यावर तार थरथरते तशी. मला तीन आठवडे ते दिसत होतं आणि मी त्याला बघतच नव्हते.

जाड आडवी रेघ काढली, दोन ओळींची. ती जवळजवळ स्थिर.

आप्पा बराच वेळ नाक लावून पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "हाऊ एक सोडी एक भरस. आधी एकी, मंग बेकी. सांचा धागा उचलस ना, तसं."

सांचा म्हणजे लूम. म्हणजे पहिली, तिसरी, पाचवी ओळ आधी. मग परतून दुसरी, चौथी, सहावी. एका ओळीची रेघ असेल तर ती एका फेरीला येते, दुसऱ्या फेरीला नसतेच. म्हणून थरथरते!

मला पटेना. कोण कशाला असं अर्धं अर्धं काढेल? पण आप्पांनी आयुष्यभर धागे असेच उचललेले बघितलेत. डोकेदुखी आज नाही. किंवा आहे पण लक्ष नाही.

१२ डिसेंबर

मॉनिटरचं खोकं माळ्यावर सापडलं, पूजेच्या तोरणांखाली. त्यात पुस्तिका, थर्माकोलला चिकटलेली. इंग्रजी, चार भाषा आणखी, मराठी अर्थातच नाही. मधल्या पानावर कोष्टक. आमच्या स्क्रीनच्या मापापुढे तेच आकडे: ६०, ७०, ७५, ८७. आणि ८७ च्या डोक्यावर एक चांदणी. चांदणीचा खुलासा तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत. इंग्रजी कळलं थोडंसं, पण खात्री नव्हती.

पीसीओवरून क्लासच्या सरांना फोन लावला. सर म्हणाले, हे आकडे म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र काढतो ते. ६० ला पूर्ण चित्र साठ वेळा. ७५ ला पंचाहत्तर वेळा, ते सगळ्यात स्थिर. "आणि सर ८७?" म्हणाले, ते फसवं असतं. एकदा विषम ओळी काढतो, एकदा सम. म्हणजे पूर्ण चित्र निम्म्याच वेळा. स्वस्तातलं कार्ड असलं तर ठेवतात तसं. "बारीक रेघांचं काम असेल तर ८७ वर कधीच बसू नका हं, डोळे जातील."

पैसे किती झाले ते मीटरवाल्याने दोनदा सांगितलं, मला ऐकूच येईना.

सम आणि विषम. आप्पांनी नुसत्या डोळ्यांनी सांगितलं होतं.

आणि ८७ कोणी सांगितलं होतं? मी.

१३ डिसेंबर

झोप नीट लागली नाही. आप्पांच्या डोळ्यांना नावं ठेवली शेठनी, मी, आणि मनातल्या मनात बहुतेक आप्पांनीही. आणि सगळं माझ्या एका ऐटीमुळे. सबसे बड़ा म्हणे.

सरांचं सगळं काल आप्पांना सांगितलं, फक्त माझं नाव सोडून. आज तेही सांगायचं होतं. सकाळी ते दाढी करत होते, मी मागे उभी राहिले. "काय वं?" म्हणाले. म्हटलं, काही नाही, चहा झालाय.

१६ डिसेंबर

जिग्नेशला फोन. ७५ करा म्हटलं. "बेन, ७५ पे मॉनिटर जल गया तो? कंपनी नहीं मानेगी. सेठ से लिखवा के दो." मी म्हटलं, पुस्तिकेत लिहिलंय. म्हणाला, पुस्तिका में तो सब लिखा होता है.

मग शेठ. सगळं नीट समजावलं, एकी, बेकी, अर्धं चित्र. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "सत्यासीनुं पंचोतेर करवानुं? पिक ओछा करवाना?" वेग कमी करायचा! शेठच्या आख्ख्या आयुष्यात कुणी येऊन म्हटलं नसेल की मशीन सावकाश चालवा म्हणजे काम चांगलं होईल. वर, "ने बळी गयुं तो?" जळलं तर?

नाही म्हणाले. हात लावायचा नाही. बाहेर जाताना पुस्तिका परत मागून घेतली, वाचायला नाही, कुलपात ठेवायला.

पण कोष्टक मी वहीत उतरवून घेतलंय. चांदणीसकट.

२१ डिसेंबर

आप्पांनी आज एका नक्शाची अर्धी बॉर्डर केली आणि उठून मागच्या खोलीत गेले. मी गेले मागोमाग. पत्ते ओवणाऱ्या बाईशेजारी बसून बघत होते, दोरीची गाठ कशी मारते ते. शिकत होते.

मला रडू आलं तिथेच. त्या बाईने पाणी दिलं.

माझी चूक आहे तर मीच निस्तरायची. शेठ जळलं तर जळलं म्हणून ओरडतील, काढून टाकतील. काढू देत. नाही, हे खोटं लिहिलं. काढलं तर मला फार वाईट वाटेल. तरी करणार.

२४ डिसेंबर

केलं. जेवणाच्या सुट्टीत, शेठ बाजारात.

आकड्यांची यादी दाखवणारा प्रोग्रॅम कार्डाबरोबरच्या फ्लॉपीतलाच, जिग्नेशने हार्ड डिस्कवर टाकून ठेवलेला. यादीत ७५ वर गेले. बटण दाबलं. टक् असा आवाज आणि स्क्रीन काळा. एक चिंचिं आवाज, बारीक, कानात सुई घातल्यासारखा. जळलं. माझ्या हातून जळलं.

मग चित्र आलं. अर्धं. डावीकडून कापलेलं, उजवीकडे काळी पट्टी. घाबरून परत ८७ केलं. पण जळलं नाही. जळलं नाही!

२६ डिसेंबर

काल सगळा दिवस विचार केला. चित्र कापलेलं होतं, म्हणजे सरकलेलं. टीव्हीचं चित्र सरकलं की मागचं बटण फिरवतो तसं इथेही असणार. मॉनिटरच्या पोटाखाली एक झाकण आहे, त्यात चार चकत्या.

आज पुन्हा ७५. पुन्हा टक्, पुन्हा काळं, पुन्हा चिंचिं, आणि चित्र अर्धं. या वेळी पळाले नाही. चकती फिरवली. चित्र वर पळालं. ती नाही. दुसरी फिरवली, चित्र हळूहळू उजवीकडे सरकत आलं आणि जागेवर बसलं. चिंचिं पण जवळजवळ गेली.

मग मी एक आडवी रेघ काढली. एका चौकोनाच्या जाडीची.

ती हलली नाही. मी वाट पाहत बसले. नाहीच हलली. कागदावर पेन्सिलीने ओढल्यासारखी तिथेच. त्या वेळी मला किती बरं वाटलं ते लिहिता येत नाही.

आप्पांना बोलावलं नाही. एवढं लगेच सांगितलं तर विचारतील, ते ८७ ठेवलं कोणी होतं.

२ जानेवारी १९९७

मशीन बंद करून सुरू केलं की सकाळी पुन्हा ८७ च येतो. जिग्नेशने सुरुवातीच्या फाइलमध्ये ते लिहून ठेवलंय. त्या फाइलला हात लावायची हिंमत नाही. म्हणून रोज सकाळी मी आधी येते, ७५ करते, मग आप्पा बसतात. त्यांना सांगितलं, मी काहीतरी केलंय, बघा.

बसले. पाच मिनिटं. दहा. चष्मा काढला नाही. "आते हालत नही," एवढंच म्हणाले, मग दीड तास मान वर नाही. काढली एक वेल, पानाला पान लागून, एकही ओळ चुकलेली नाही. आणि मधेच एक गोष्ट केली जी मला माहीत नव्हती. आरशासारखं उलटं करायची जी सोय आहे, ती वापरून अर्धी बॉर्डर उलटी करून जोडली. मी शिकवलं नव्हतं. म्हटलं, कुठून शिकलात? म्हणाले, यादीत कैरी आणि उलटी कैरी असं चित्र होतं.

मला हेवा वाटला. लिहून ठेवते.

७ जानेवारी

शेठना सापडलं. मी कामाच्या वहीत दररोज लिहायचे, "७५ केले." वही उघडी राहिली. "पंचोतेर? कोणे कर्युं?"

मी म्हटलं, मी. आप्पा खुर्चीवरून उठून उभे राहिले.

शेठ भयंकर चिडले. मी काय बोलले ते धड आठवत नाही, पण मी शेठना खारी शिंग, म्हणजे खारे शेंगदाणे, दिली. हो. खिशात होती. म्हटलं, शेठ, आधी खा, मग ओरडा. एक आडवी रेघ काढली, ७५ वर. "चावा आणि बघा." शेठनी चावलं. रेघ थोडी उडाली, चावणं थांबलं की थांबली. मग ८७ केलं. चावायचं नाही, नुसतं बघा. शेठ दोन मिनिटं वाकून बघत होते.

"आ तो हले छे!"

मागून आप्पा म्हणाले, शेठ, मी हेच सांगत होतो.

शेठ सरळ उभे राहिले, आणखी एक शिंग तोंडात टाकली, मॉनिटरला हात लावून गरम आहे का बघितलं. "उत्तरायण पछी जोईए," म्हणाले आणि गेले. मला काढलं नाही, ठेवलंही नाही. मास्तर कुठे बसणार, मी कुठे बसणार, काहीच नाही.

१३ जानेवारी

उद्या उत्तरायण. गच्चीवर सगळ्या नवागामची पोरं, मांजा सुकतोय. आप्पा खाली ओट्यावर बसून वर बघत होते. बोट दाखवून म्हणाले, तो बघ, त्या लाल पतंगाला दोऱ्याची गाठ एका बाजूला बांधलीय, गोता खाणार. मला नुसता लाल ठिपका दिसत होता. तो गोता खाऊन गेला.

तेव्हा सांगितलं. म्हटलं, आप्पा, ते ८७ मी सांगितलं होतं. पहिल्या दिवशी. तुमचे डोळे चांगले होते, माझीच चूक.

ते म्हणाले, "माहीत शे. मी तठेच उभा व्हतू ना."

त्यांना सरांच्या फोननंतरच कळलं होतं, मी घरी येऊन सगळं सांगितलं त्याच संध्याकाळी. मी फक्त माझं नाव गाळलं होतं. महिनाभर माहीत होतं!

मग बोलला का नाहीत?

"तुन्हं नवं काम व्हतं, पोरी. शेठना समोर काय बोलू?"

म्हणजे डोळे गेले असं सगळे म्हणत राहिले तरी चालेल, पोत्यावर बसून पत्ते ओवले तरी चालेल, पण मुलीचं हसं व्हायला नको. मला इतका राग आला की मी रडले. त्यांनी पतंगाकडेच बघितलं.

१७ जानेवारी

वाशी उत्तरायणाच्या, म्हणजे सणाच्या दुसऱ्या दिवशीच्या, हुल्लडीत मांज्याने माझं बोट कापलं, काल रात्री ताप. आज उशीर झाला, आप्पा पुढे गेले, माझी शटल रिक्षा चुकली, सचिनला खात्यात पोचले तर साडेदहा. वाटेत एकच विचार. मशीन सुरू झालं असेल ८७ वर, ७५ करायला कोणी नाही, आप्पा डोळे चोळत बसले असतील आणि शेठ नेमके आजच निकाल सांगतील.

आत आले. आप्पा खुर्चीत, चष्म्यासकट, वेलीचं काम चालू. स्क्रीन स्थिर. मी वाकून आडवी रेघ पाहिली. ७५.

कोणी केलं? जिग्नेश आला होता का?

आप्पांनी बाजूचा ग्राफचा कागद सरकवला. आप्पांना इंग्रजी वाचता येत नाही, ए बी सी डी सुद्धा नाही. त्या कागदावर रोज सकाळी ७५ करताना मी टाइप करते आणि स्क्रीनवर येतात त्या पाचही ओळी होत्या, अक्षर न् अक्षर, चौकोनात पेन्सिलीने भरलेल्या. प्रत्येक अक्षर सात चौकोन उंच. रिकाम्या जागा मोजून सोडलेल्या. कुठे थांबायचं तिथे फुली. चौथ्या ओळीत यादी, ६०, ७०, ७५, आणि ७५ च्या भोवती लाल पेन्सिलीची बॉर्डर. चार दिवस तेही लवकर येऊन माझ्या मागे उभे राहून उतरवत होते, मला वाटलं काम शिकताहेत.

"आप्पा, वाचता कसं आलं?"

"वाचाले कशाले? नक्शा शे."

शेठ अकराला आले. तो कागद उचलला, उलटा धरला, सुलटा केला, बराच वेळ बघितला. मग जिथून उचलला तिथेच ठेवला आणि पाणी प्यायला गेले. मागच्या खोलीचं किंवा खुर्चीचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.

जिग्नेश परवा सर्व्हिसला येणार आहे. सगळं पुसून नव्याने टाकतो म्हणाला फोनवर. आप्पांनी विचारलं, मग तो पुन्हा सत्त्याऐंशी करील का? म्हटलं, करू शकतो. त्यांनी कागदाची घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.